गाठ निघाली, यकृत उरलं: १८६ जनुकांचं प्रकरण

यकृताचं ऑपरेशन झालं की आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तयार होतो. तो घेऊन नातेवाईक आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या खिडकीशी येतात आणि बहुतेक जण एकाच ओळीवर बोट ठेवतात. ‘कडा मोकळ्या’ असं त्या ओळीत लिहिलेलं असतं. म्हणजे गाठीभोवती जिथे कापलं, त्या काठावर कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. “म्हणजे सगळं निघालं ना, मॅडम?” हो, निघालं. “मग आता परत नाही ना येणार?”

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टात नसतं. यकृताच्या पेशींपासून होणारा कॅन्सर म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, डॉक्टरांच्या बोलीत ‘एचसीसी’. त्याची गाठ पूर्ण काढली, कडा मोकळ्या आल्या, तरी पाच वर्षांच्या आत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत आजार पुन्हा दिसतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये गाठ काढल्यावर मागे राहिलेलं आतडं बहुधा धडधाकट असतं. एचसीसी मात्र बहुतेक वेळा मुळातच आजारी असलेल्या यकृतात उगवतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी यांनी ते यकृत वर्षानुवर्षं पोळलेलं असतं, त्याचा सिरोसिस झालेला असतो, म्हणजे व्रण साचून ते कडक, गाठाळ झालेलं असतं. सर्जन त्यातला एक तुकडा काढून नेतो. बाकीचं यकृत रुग्णाच्या पोटातच राहतं.

ऑपरेशननंतर कोण किती जगेल, हे रेण्वीय मार्करांवरून, म्हणजे पेशीतल्या रेणूंच्या खुणांवरून, सांगता येईल का, या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत ढीगभर लिखाण झालं आहे. त्यातलं एकच प्रकरण मी इथे सविस्तर मांडते आहे, कारण माझ्या ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेला अवयव चिरून तपासायचे तुकडे काढण्याच्या, टेबलावरची एक सवय त्यानं बदलली. हे प्रकरण आहे २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचं. युजिन होशिदा, टॉड गोलुब, जोसेप ल्योवेत आणि त्यांचे सहकारी हे त्याचे कर्ते. काम चाललं अमेरिकेत, केंब्रिज शहरातल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये. पहिले नमुने होते टोकियोच्या तोरानोमोन हॉस्पिटलचे.

आधीची परिस्थिती

त्या वेळी डॉक्टरांच्या हाती काय होतं, ते आधी बघू. गाठ किती सेंटीमीटरची, गाठी किती, रक्तवाहिनीत शिरल्या का, यकृत अजून किती काम करतं, आणि रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी, किती. एएफपी हे गर्भातल्या बाळाचं यकृत बनवतं ते प्रथिन. जन्मानंतर ते जवळजवळ बंद होतं आणि काही एचसीसी गाठी ते पुन्हा बनवू लागतात. ऑपरेशनच्या आधी ते खूप वाढलेलं असेल तर पुढची वाट अवघड, हे अनुभवानं कळलं होतं. पण कितीतरी गाठी, विशेषतः लहान गाठी, एएफपी बनवतच नाहीत. मग त्या रुग्णांबद्दल हा मार्कर मुका राहतो.

एकाच मापाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या गाठी असलेल्या दोन माणसांपैकी एक दीड वर्षात जातो आणि दुसरा बारा वर्षं शेती करत राहतो. फरक कुठेतरी आत आहे, हे उघड होतं.

तो फरक जनुकांच्या बोलण्यात सापडेल, ही आशा तेव्हा नवी आणि जोरात होती. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कोणती किती बोलतात, म्हणजे त्यांच्यापासून किती आरएनए तयार होतो, ते मात्र पेशीपेशीत वेगळं असतं. हजारो जनुकांचं हे बोलणं एकदम मोजता येऊ लागलं आणि गोलुब यांच्याच गटानं १९९९ मध्ये रक्ताच्या कॅन्सरचे दोन प्रकार निव्वळ या मोजणीवरून वेगळे करून दाखवले. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरचं भाकीत करणारा ७० जनुकांचा संच मांडला. यकृताच्या गाठींवरही असे प्रयत्न झाले आणि गाठींचे बरे-वाईट गट पडताहेत असं दिसलं.

अडचण होती नमुन्यांची. या मोजणीला ऑपरेशननंतर लगेच गोठवलेला ताजा तुकडा लागायचा. असे तुकडे जपणारी केंद्रं जगात मोजकी. शिवाय गोठवायला तुकडा वेगळा काढता येतो तो मोठ्या गाठीतून. दोन सेंटीमीटरची गाठ आली तर ती सगळीच निदानाला लागते. त्यामुळे गोठवलेल्या नमुन्यांत मोठ्या, पुढच्या टप्प्यातल्या गाठींचा भरणा होता. त्या जपून ठेवायलाही अलीकडेच सुरुवात झालेली, म्हणजे रुग्णाचं पुढे दहा वर्षांनी काय झालं ते ठाऊकच नाही. जगण्याचं भाकीत करायचं असेल तर जगून झालेला काळ हाताशी हवा, आणि नेमका तोच नव्हता.

दुसरीकडे, प्रत्येक पॅथॉलॉजी विभागाच्या कपाटात असा काळ रचून ठेवलेला असतो. आम्ही तुकडा फॉर्मेलीनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रवात, टाकतो, मग मेणात बसवतो. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक वर्षानुवर्षं खोलीच्या तापमानाला टिकतो. पण फॉर्मेलीन पेशीतली प्रथिनं आणि आरएनए एकमेकांना घट्ट बांधून टाकतं आणि आरएनएचे बारीक तुकडे होतात. जुन्या ब्लॉकमधून आरएनए मोजणं म्हणजे पोथीचा भुगा चाळून श्लोक जुळवण्यासारखं.

भुग्यातून वाचन

होशिदा आणि मंडळींनी वापरलेल्या तंत्राचं नाव डॅसल. त्याची युक्ती मला फार आवडते, कारण तुटक्या मालाची खंत करत बसण्याऐवजी ती तुकड्याच्याच मापाचं काम करते. नेहमीच्या पद्धतीत आरएनएचं एक विशिष्ट शेपूट पकडून सगळा रेणू वाचायला घेतात. ब्लॉकमधल्या रेणूला बहुधा शेपूट उरलेलंच नसतं. डॅसलमध्ये जो तुकडा मिळेल त्याची डीएनए-प्रत बनवतात. मग एका जनुकासाठी दोन छोटे धागे सोडतात. ते त्या प्रतीवर एकमेकांजवळच्या जागी चिकटले, तरच त्यांच्यामधली फट भरून ते एकमेकांना जोडले जातात. जोडले गेले तरच पुढे त्यांच्या लाखो प्रती निघतात आणि मोजल्या जातात. तुकडा केवळ पन्नासेक अक्षरांचा असला तरी चालतं. अशी सुमारे ६,००० जनुकं एका वेळी मोजली गेली.

आणि ते चाललं. २४ वर्षांहून अधिक जुने ब्लॉकही घेतले होते. एकूण ९० टक्के रुग्णांचे नमुने मोजता आले. २००८ च्या आधीची २४ वर्षं, म्हणजे १९८० च्या दशकात कुणा तंत्रज्ञानं मेणात बसवलेला तुकडा. तेव्हा हिपॅटायटिस सीच्या विषाणूला नावही मिळालं नव्हतं, ते १९८९ मध्ये मिळालं. आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला हा तपशील तांत्रिक वाटेल. मला मात्र या अभ्यासातली अर्धी किंमत इथेच वाटते. एका फटक्यात जगभरची कपाटं कामाला लागली.

एकूण ३०७ रुग्णांचे नमुने, चार वेगवेगळ्या मालिकांतले. जपानमध्ये नियमित सोनोग्राफी करून यकृताच्या रुग्णांवर नजर ठेवण्याची शिस्त जुनी आहे, त्यामुळे तिथले नमुने लहान, लवकर सापडलेल्या गाठींचे होते. नेमक्या याच रुग्णांचं भाकीत सर्वांत अवघड.

गाठ गप्प राहिली

आता प्रकरणाचा गाभा. आधी गाठीतल्या जनुकांचं बोलणं तपासलं. अपेक्षा सरळ होती: कॅन्सर गाठीत आहे, तर माणसाचं नशीबही तिथेच लिहिलेलं असणार. संगणकानं सगळ्या तऱ्हेनं जुळवून पाहिलं. गाठीतल्या जनुकांचा आणि रुग्ण किती जगला याचा भरवशाचा संबंध लागला नाही.

अशा वेळी बरेच जण काय करतात ते मी पाहिलं आहे. नमुन्यांतले काही गाळतात, कापण्याची रेषा थोडी सरकवतात, आणि काहीतरी ‘लक्षणीय’ हाती लागेपर्यंत आकड्यांना पिळतात. या गटानं नकार नकार म्हणूनच छापला, लेखाच्या सारांशात, सगळ्यांना दिसेल अशा जागी.

मग त्यांनी त्याच रुग्णांच्या ब्लॉकमधला दुसरा भाग घेतला. गाठीच्या बाजूचं, कॅन्सर नसलेलं यकृत. जपानमधल्या ८२ रुग्णांच्या या बाजूच्या उतींमध्ये संबंध स्पष्ट दिसला. १८६ जनुकांचा एक ठसा, म्हणजे एकत्र वाचायचा संच, हाती आला. त्यातली ७३ जनुकं वाईट भवितव्याची: ज्यांच्या यकृतात ती मोठ्यानं बोलत होती, ते लवकर गेले. उरलेली ११३ चांगल्या भवितव्याची.

ही जनुकं कोणत्या कामाची, ते पाहिलं की चित्र उलगडतं. वाईट गटात दाह पेटता ठेवणारी जनुकं भरलेली: एनएफ-कप्पा-बी, टीएनएफ-अल्फा, इंटरफेरॉन यांच्या साखळीतली. पेशींना वाढायचा इशारा देणारं ईजीएफ हे प्रथिनही त्यात. चांगल्या गटात यकृताची रोजची कामं करणारी जनुकं: रक्तातली प्रथिनं बनवणं, चयापचय सांभाळणं. म्हणजे काही रुग्णांचं मागे राहिलेलं यकृत अजून यकृतासारखं वागत होतं, आणि काहींचं आतून धुमसत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे सिरोसिसच दिसतो. मी स्वतः अशा शेकडो स्लाइड पाहिल्या आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी हा फरक मला सांगता आला नसता.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला हे समजवायला लागू नये. हराळी वरवर उपटली की रान मोकळं दिसतं. पुढच्या पावसात ती पुन्हा येणार की नाही, हे मातीत काय उरलं आहे त्यावर ठरतं. कॅन्सरच्या शास्त्रातही याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘शेत’ असाच होतो. एखादा अवयव सगळाच्या सगळा बिघडलेला असतो आणि त्यात एका जागी आधी गाठ दिसते, इतकंच.

लवकर आणि उशिरा

हा निष्कर्ष नीट समजून घ्यायला एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ऑपरेशननंतर एचसीसी परत येतो तो दोन वाटांनी. पहिली वाट: ऑपरेशनच्या आधीच गाठीतून काही पेशी सुटून रक्तवाहिन्यांमार्फत यकृतात इतरत्र रुजलेल्या असतात. त्या डोळ्यांना आणि सीटी स्कॅनला दिसत नाहीत. यांच्यापासून होणारा आजार साधारण पहिल्या दोन वर्षांत उगवतो. दुसरी वाट: मागे राहिलेल्या बिघडलेल्या यकृतात अगदी नवा, स्वतंत्र कॅन्सर तयार होतो. तो बहुधा दोन वर्षांनंतर येतो. बोलताना आपण दोन्हींना ‘परत आला’ म्हणतो. दुसऱ्या प्रकारात खरं तर जुना आजार परतलेला नसतो. त्याच घरात दुसराच आलेला असतो.

१८६ जनुकांचा ठसा जुळला तो या दुसऱ्या, उशिराच्या प्रकाराशी. आणि गाठ गप्प का राहिली, याचं उत्तरही इथेच आहे. जपानी रुग्णांच्या गाठी लहान, लवकर काढलेल्या. त्यांतून पेशी सुटण्याची संधी कमी. मग त्यांचं मरण-जगणं ठरवणार कोण? उरलेलं यकृत. म्हणून ‘गाठ काही सांगत नाही, बाजूचं यकृतच सांगतं’ असा सरसकट अर्थ या अभ्यासातून काढणं चूक आहे. अनेक व्याख्यानांत तो काढला जातो आणि मला ते खटकतं.

२०११ मध्ये याच वर्तुळातल्या संशोधकांनी ऑपरेशन झालेल्या २८७ रुग्णांवर, तोवर प्रसिद्ध झालेले २२ ठसे एकत्र तपासले. कुणाचा आजार परतेल, हे सांगण्यात गाठीतला एक ठसा, झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींचा, टिकला. बाजूच्या यकृतातला हा १८६ जनुकांचा ठसाही टिकला. आणि त्यांच्या बरोबरीनं टिकली एक जुनी, साधी खूण: मुख्य गाठीच्या आसपासच्या पिल्लागाठी, ज्या आम्ही सुरी आणि पट्टी घेऊन मोजतो. बी, माती आणि बांधावर पडलेले दाणे, तिन्ही बघावे लागतात.

पडताळणी

जपानी नमुन्यांवर बसवलेला ठसा जपानी नमुन्यांवर जुळला, यात नवल नाही. कुडता ज्याच्या मापानं शिवला त्याला तो बसणारच. खरी कसोटी दुसऱ्याच्या अंगावर. म्हणून अमेरिका आणि युरोपातल्या २२५ वेगळ्या रुग्णांवर तोच ठसा, जनुकं न बदलता, लावून पाहिला. तो तिथेही लागला. पी होता ०.०४.

या आकड्यावर मी थोडी थांबते. खरा संबंध नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात चार, असा त्याचा अर्थ. रूढ रेषा शंभरात पाच. म्हणजे ठसा रेषा ओलांडून गेला, पण फार लांब उडी मारून नाही. अनोळखी माणसांवर जाताना ठशाची धार बोथट होते, हे प्रत्येक रेण्वीय मार्करच्या बाबतीत घडतं. देश वेगळा, आजाराचं कारण वेगळं, ऑपरेशनची रीत वेगळी, ब्लॉक बनवण्याची पद्धत वेगळी. इतकं सगळं बदलूनही काहीतरी शिल्लक राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि एका विशिष्ट रुग्णाला ‘तुमची सहा वर्षं’ असं सांगण्याइतकं ते पुरेसं नाही, हेही तितकंच खरं. गटाचं भाकीत आणि माणसाचं भाकीत यांच्यात मोठी दरी असते.

माझ्या मनातली उरलीसुरली शंका पुढच्या एका कामानं बरीच कमी केली. मातीच बोलत असेल, तर अजून तण उगवलेलंच नाही अशा रानातही ती बोलायला हवी. २०१३ मध्ये होशिदा आणि इटलीतल्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. हिपॅटायटिस सीमुळे सुरुवातीचा सिरोसिस झालेले २१६ रुग्ण, कॅन्सर नाही, फक्त सुईनं घेतलेल्या बायोप्सीचे जुने ब्लॉक, आणि त्यानंतर साधारण दहा वर्षांची नोंद. ठशानं ५५ जणांना वाईट गटात टाकलं, १०१ जणांना मधल्या, ६० जणांना चांगल्या. दहा वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण निघालं अनुक्रमे ६३, ७४ आणि ८५ टक्के. दर वर्षी एचसीसी होण्याचं प्रमाण ५.८, २.२ आणि १.५ टक्के. ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या यकृतात शोधलेला ठसा, कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी, तीच गोष्ट सांगत होता.

ठसा कळला, मग करायचं काय?

मार्कर कळला आणि हातात उपाय नसेल, तर रुग्णाला फक्त भीती दिल्यासारखं होतं. इथे परिस्थिती मिश्र आहे.

मातीच बदलून टाकायचा एक उपाय आधीपासून आहे: यकृत प्रत्यारोपण. १९९६ मध्ये मिलानच्या माझ्झाफेरो यांनी ४८ रुग्णांचा अनुभव मांडला. पाच सेंटीमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा तीन सेंटीमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, एवढ्यांनाच प्रत्यारोपण केलं तर चार वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात. गाठ आणि बिघडलेलं यकृत दोन्ही एकदम निघतात, म्हणून. पण आपल्याकडे प्रत्यारोपण म्हणजे बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी आपल्या यकृताचा भाग देणं, आणि खर्च अनेक लाखांत. लहान गाठ, यकृताचं काम ठीक, अशा रुग्णाला आधी ऑपरेशन की थेट प्रत्यारोपण, हा निर्णय करताना उरलेलं यकृत किती धुमसतं आहे हे कळलं, तर खरोखर उपयोग होईल.

दुसरा उपाय आग विझवण्याचा, आणि तो सगळ्यांत खात्रीचा. तैवानमध्ये हिपॅटायटिस बीमुळे एचसीसी होऊन ऑपरेशन झालेल्या ४,५६९ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी विषाणूविरोधी गोळ्या घेतल्या त्यांच्यात सहा वर्षांत आजार परतला ४५.६ टक्के, ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांच्यात ५४.६ टक्के. गाठीवर काही परिणाम नसलेली गोळी, विषाणू दाबून आणि यकृताचा दाह कमी करून, हे करते.

तिसरा, कॅन्सरविरोधी औषध ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना देण्याचा. सोराफेनिबची मोठी चाचणी झाली, १,११४ रुग्णांवर, २०१५ मध्ये निकाल आला: रिकामी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काही फायदा नाही. २०२३ मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीचा निकाल आशादायक वाटला. पुढच्या पाठपुराव्यात तो फायदा विरला. माझं मत असं, की दोन वेगळ्या वाटांनी येणाऱ्या आजारांना एकच औषध सरसकट देणं हीच यातली मोठी अडचण आहे. सुटलेल्या पेशी मारायचं औषध पेटलेल्या यकृताला शांत करेलच असं नाही.

ठशातून औषधाचा धागाही निघाला. वाईट गटातल्या ईजीएफच्या साखळीला अडवणारं एर्लोटिनिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं औषध २०१४ मध्ये सिरोसिस केलेल्या उंदरांना देऊन पाहिलं. त्यांच्या यकृतातलं व्रणीकरण आणि गाठी दोन्ही कमी झाल्या. आणि ठसा वाईटाकडून चांगल्याकडे सरकला. उंदरांपासून माणसांपर्यंतचं अंतर मोठं आहे, म्हणून मी इथे त्याहून पुढे जात नाही.

आपल्याकडे

आज ऑपरेशननंतर रुग्णाला हा १८६ जनुकांचा तपास रोजच्या व्यवहारात लिहून दिला जात नाही. जगातल्या मोठ्या मार्गदर्शक सूचनांमध्येही एचसीसीच्या रुग्णासाठी असा ठसा सक्तीचा नाही. भाकितासाठी एएफपी, रक्तवाहिनीतला शिरकाव आणि यकृताची ताकद यांच्यावरच भिस्त आहे. याचं मला दुःख आहे, पण कारणं समजतात. पहिलं, वर म्हटलेला उपायांचा तुटवडा. दुसरं, रोगच बदलला. तोरानोमोनचे बहुतेक रुग्ण हिपॅटायटिस सीचे. २०१३ अखेरीस सोफॉस्बुव्हिर आलं आणि हा विषाणू तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागला. २०१५ पासून भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधं मिळू लागली, आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींचे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत झाले.

आमच्या टेबलावर येणारी यकृतं मात्र तोरानोमोनसारखी नाहीत. हिपॅटायटिस बीची भरपूर असतात, आणि बीमध्ये सिरोसिस नसतानाही एचसीसी होऊ शकतो. दारूची असतात. मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्यासोबत येणारी चरबीची यकृतं वर्षागणिक वाढत आहेत. शिवाय अन्नातल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन दगावली होती. हेच विष थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर टीपी-५३ या जनुकावर एका ठरावीक जागी, २४९ व्या अक्षरगटात, बदल करून जातं. गाठीत तो बदल दिसला की कारणाचा माग लागतो. जपानी मातीवर काढलेला ठसा या सगळ्या मातींवर जसाच्या तसा लावता येणार नाही. तो आपल्या ब्लॉकवर तपासावा लागेल.

आणि इथे अडतं. तपासायचं तर बाजूच्या यकृताचा चांगला ब्लॉक हवा. मी जुन्या केसेस काढून पाहिल्या तेव्हा कळलं, की अनेकांत तो नव्हताच. गाठीचे आठ-दहा ब्लॉक, कडेचे दोन, आणि बाजूचं यकृत म्हणून गाठीला खेटून घेतलेला एक. तो उपयोगाचा नाही. गाठ शेजारच्या पेशींना दाबते, त्यांचा रक्तपुरवठा बिघडवते, त्यामुळे तिथली जनुकं गाठीच्या दबावाखाली बोलतात. तोही तुकडा पुष्कळदा रात्रभर अख्ख्या यकृताबरोबर फॉर्मेलीनमध्ये बुडालेला. फॉर्मेलीन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. किलोभर यकृताच्या मध्यभागी ते पोहोचेपर्यंत आतला आरएनए कुजून गेलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी आलेला नमुना सोमवारी उघडला तर विचारायलाच नको. हे माझ्याही हातून झालं आहे.

आता यकृत आलं की मी त्याच दिवशी पावाचे काप करावेत तसे त्याचे काप करते, मध्ये जाळीचं कापड घालते आणि दसपट फॉर्मेलीनमध्ये ठेवते. गाठीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, निदान दोन सेंटीमीटर सोडून, बाजूच्या यकृताचे दोन ब्लॉक वेगळे घेते. फॉर्मवर बी, सी, दारू, साखर यांच्या चौकटी रिकाम्या असतील तर सर्जनच्या कनिष्ठ डॉक्टरला फोन करून भरून घेते. रिपोर्टात ‘बाजूचं यकृत: सिरोसिस’ एवढ्यावर थांबत नाही. व्रणीकरणाचा टप्पा, दाह किती, चरबी किती, हे लिहिते.

खिडकीशी आलेल्या नातेवाईकांना उत्तर देताना मी आता रिपोर्टातल्या दोन ओळी दाखवते. कडा मोकळ्या आहेत, ही एक. तिच्या चार ओळी खाली, बाजूच्या यकृताची दुसरी. पहिली ओळ वाचून झाली, आता या दुसऱ्या ओळीसाठी गोळ्या चुकवायच्या नाहीत, दारू थांबवायची, आणि सोनोग्राफी दर तीन-चार महिन्यांनी, दोन वर्षं उलटली तरी, असं सांगते. बहुतेक जण दोन वर्षं येतात आणि मग येणं थांबवतात. नेमकी तिथेच उशिराच्या आजाराची वेळ सुरू होते, म्हणून त्या ओळीखाली मी हल्ली पेनानं तारीख लिहून देते.